ई-माउंटन सायकलचे ब्रेक बदलताय? आधी वही आणि व्हर्नियर काढा

म्हैसमाळहून खुलदाबादकडे उतरत होतो. मोठ्या वळणाआधी मागचा ब्रेक दाबला, लिव्हर हँडलपाशी गेली आणि तिथेच राहिली. परत आलीच नाही. पुढच्या ब्रेकवर कशीबशी सायकल कडेच्या मुरुमात घातली, खाली बसलो, पाणी प्यायलो आणि मग आठवलं. पंधरा दिवसांपूर्वी ब्रेक जरा मऊ लागतोय म्हणून सायकल घराजवळच्या एका टू-व्हीलर गॅरेजात नेली होती. तिथल्या मामांनी मोटारसायकलच्या डिस्क ब्रेकचं तेल काढलं. मी विचारलं, "मामा, हे सायकलला चालतं ना?" ते बूच उघडता उघडता म्हणाले, "ब्रेक ऑइल म्हणजे ब्रेक ऑइल. दीडशे किलोची गाडी थांबते याच्यावर, तुमची सायकल काय घेऊन बसलात!"

पटण्यासारखंच होतं. फक्त माझ्या लिव्हरच्या झाकणावर बारीक अक्षरांत 'फक्त मिनरल ऑइल' असं इंग्रजीत कोरलेलं होतं आणि ते आम्हा दोघांपैकी कोणीच वाचलं नव्हतं. नंतर लिव्हर उघडली तेव्हा आतलं रबरी सील भिजवलेल्या हरभऱ्यासारखं फुगलेलं निघालं. लिव्हर गेली, कॅलिपरही (चाकापाशी बसून आतल्या पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा भाग) गेला. मामांना काय बोलणार? सायकल माझी, वाचायचं मीच होतं.

ब्रेकचा एखादा भाग आपल्या सायकलला जुळेल का, याचं उत्तर बहुतेक वेळा त्या भागावरच छापलेलं किंवा कोरलेलं असतं. ते कुठे शोधायचं आणि कोणत्या क्रमाने, ते सांगतो. सापडेल ते वहीत लिहा, आणि मापं व्हर्नियरने, म्हणजे जबड्यांत धरून मोजायच्या पट्टीने, घ्या.

ई-सायकलच्या ब्रेकवर जास्त भार का पडतो

साध्या माउंटन सायकलचं वजन तेरा-चौदा किलो. मोटर-बॅटरीवाली वीस ते पंचवीस किलोंची. आता हिशेब मांडू. २५ किलोची सायकल, ८० किलोचा माणूस, आणि २०० मीटर उंचीचा उतार. हवेचा अडथळा सोडून दिला तर ब्रेकना साधारण दोन लाख ज्यूल उष्णता रिचवावी लागते. एक लिटर पाणी २५ अंशांवरून ७५ अंशांपर्यंत तापवायला जेवढी लागते तेवढी. ही सगळी आच दोन पातळ पत्र्यांत आणि अंगठ्याएवढ्या चार पॅडमध्ये शिरते.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची, ताशी २५ किलोमीटरच्या आत मोटर बंद होणारी पेडल-असिस्ट सायकल नोंदणीशिवाय चालते. त्याच नियमात योग्य ब्रेकचीही अट आहे. मोटर पंचविसाला हात टेकते, पण वेरूळचा घाट किंवा कन्नडचा औट्रम घाट तुम्हाला त्याच्या दुप्पट वेगाने खाली सोडतो.

जालना-परभणीच्या सपाटीवर रोज कामाला जाणाऱ्याला खाली लिहिलेल्यातलं निम्मं लागणार नाही. धारूर, मांजरसुंब्याच्या बाजूला किंवा गौताळ्यात फिरणाऱ्यांनी मात्र पुढे वाचावं.

आधी खात्री करा की ब्रेक खरंच कमी पडतोय

जालन्याचा माझा मावसभाऊ. नवी सायकल घेऊन चार महिने झाले आणि फोन आला, "दादा, ब्रेक लागतच नाही. फोर पिस्टन घेऊ का?" मी म्हटलं, पॅड काढ आणि फोटो पाठव. पॅड काळेभोर, वरून आरशासारखे चकचकीत. विचारलं, "चेनला तेल कशाने मारतोस?" म्हणाला, "स्प्रेने. चेनवर, मागच्या गिअरवर, सगळीकडे मारतो, गंज नको म्हणून." म्हणजे डिस्कवरही. त्याचा खर्च नव्या पॅडच्या जोडीवर आणि एका बाटली आयसोप्रोपिल अल्कोहोलवर भागला. अल्कोहोल मेडिकलमध्ये मिळतं. सॅनिटायझर वापरू नका, त्यातल्या ग्लिसरीनचा थर डिस्कवर बसतो. आणि एकदा तेल प्यायलेला पॅड गॅसवर भाजून 'शुद्ध' करण्याच्या युक्त्या सांगणारे बरेच भेटतील. मी दोनदा करून पाहिलं, पॅड दोन्ही वेळा कचऱ्यात गेला.

तर क्रम असा: पॅड आणि डिस्क साफ, पॅड झिजले असतील तर नवे, हायड्रॉलिक, म्हणजे तेलावर चालणारा, असेल तर हवा काढून घेणं. एवढं करूनही उतारावर दोन बोटांनी सायकल आवरत नसेल तर मग बदलाचा विचार. त्यातही माझी पसंती आधी मोठ्या डिस्कला. आख्खा सेट बदलण्यापेक्षा ते स्वस्त पडतं आणि फरक पहिल्याच उतारावर कळतो.

फ्रेम आणि चिमटा: इथे पर्याय तुमच्या हातात नसतो

बाकी सगळं सहज बदलता येतं, फ्रेम आणि पुढचा चिमटा (फोर्क) सहसा कोणी बदलत नाही. म्हणून वहीतली पहिली ओळ त्यांची. कॅलिपर कसा बसवलाय ते खाली वाकून बघा. दोन बोल्ट डिस्कच्या पत्र्याला समांतर, सरळ चिमट्यात घुसलेले असतील आणि त्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर ७४ मिलिमीटर असेल, तर ते पोस्ट माउंट. फ्रेमला चपट्या कानांसारख्या दोन पाकळ्या असतील, बोल्ट ॲक्सलच्या दिशेने आडवे जात असतील आणि अंतर ५१ मिलिमीटर असेल, तर ते इंटरनॅशनल स्टँडर्ड, दुकानातल्या भाषेत आयएस. तिसरा फ्लॅट माउंट नावाचा प्रकार रोड सायकलींचा. ऑनलाइन स्वस्तात दिसला म्हणून मागवू नका.

पोस्ट माउंट म्हटलं की लगेच दुसरा प्रश्न: कितीचं? काही चिमटे थेट १६० मिलिमीटरच्या डिस्कसाठी केलेले असतात, काही १८०, काही २०० च्या. अडॅप्टर, म्हणजे कॅलिपरखाली बसणारा जोडतुकडा, लावून डिस्क मोठी करता येते, लहान करता येत नाही. १८० च्या चिमट्याला १६० ची डिस्क लावायचा मार्गच नाही.

अडॅप्टर घेताना एक साधं गणित लक्षात ठेवा: डिस्कचा व्यास २० ने वाढला की कॅलिपर १० ने बाहेर सरकतो. त्यामुळे २०० आणि २०३ चा घोळ होतो. स्रॅम कंपनीची मोठी डिस्क २०० ची, शिमानो, मॅगुरा आणि टेक्ट्रोची २०३ ची. २०० च्या अडॅप्टरवर २०३ ची डिस्क लावली तर कॅलिपर दीड मिलिमीटर आत राहतो. डिस्कची बाहेरची कड कॅलिपरच्या आतल्या बाजूला घासू शकते, किंवा कडेचा दीड मिलिमीटर पट्टा पॅडखाली येतच नाही. दोन्ही बोल्टांखाली दीड मिलिमीटरचे वॉशर घातले की जुळतं. उलट प्रकार झाला, म्हणजे २०३ च्या अडॅप्टरवर २०० ची डिस्क, तर पॅडचा वरचा काठ हवेत राहतो आणि झिजताना तिथे ओठ तयार होतो. हे वॉशरने दुरुस्त होत नाही, अडॅप्टरच बदलावा लागतो.

आयएसच्या अडॅप्टरमध्ये पुढचं आणि मागचं वेगळं असतं. पुढे १८० साठी चालणारा अडॅप्टर मागे लावला तर तो १६० चा ठरतो. पाकिटावर एफ आणि आर ही अक्षरं असतात ती याचसाठी.

डिस्क किती मोठी लावायची याला चिमट्याच्या कंपनीने घातलेली मर्यादा असते. चिमट्याच्या पायावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात ती लिहिलेली असते. स्वस्त सस्पेन्शन चिमट्यांत बऱ्याचदा १८०. ती ओलांडू नका. ब्रेक दाबला की कॅलिपर चिमट्याचा एक पाय पिळत असतो, आणि जितकी मोठी डिस्क तितका पीळ मोठा. मागे फ्रेमची मर्यादाही तशीच बघा, शिवाय डिस्क आणि फ्रेमच्या नळीमध्ये प्रत्यक्ष जागा आहे का तेही.

संभाजीनगरात राहण्याचा एक धोका असा की वाळूजला ओळखीचा कोणीतरी लेथवाला असतोच. "अडॅप्टर काय मागवतोस, पट्टीत दोन भोकं पाडून देतो" असं तो प्रेमाने म्हणतो. त्याच्याकडून बाटली ठेवायचा स्टँड करून घ्या. ब्रेकचा अडॅप्टर विकत आणा, आणि त्याच्यासोबत आलेले लांब बोल्टच वापरा. जुने आखूड बोल्ट दोन-तीन आट्यांवर अडकून बसतात, घट्ट झाल्यासारखे वाटतात आणि पहिल्या जोरदार ब्रेकला आटे घेऊन बाहेर येतात.

डिस्क: व्यास, जाडी, आणि ती बसते कशी

गॅरेजवाले जिला डिस्क प्लेट म्हणतात तो रोटर. १६० वरून १८० वर गेलात तर तितक्याच बोटाच्या दाबात साडेबारा टक्के जास्त जोर मिळतो, २०३ वर गेलात तर जवळजवळ सत्तावीस टक्के. शिवाय जास्त पत्रा म्हणजे उष्णता सोडायला जास्त जागा. पुढे मोठी आणि मागे एक माप लहान, ही जोडी चालते, कारण थांबताना भार पुढे येतो.

हबवर, म्हणजे चाकाच्या मध्यभागी, ती दोन प्रकारे बसते. सहा बोल्टवाली, टी-२५ टॉर्क्स पान्याने उघडणारी. आणि सेंटरलॉक, म्हणजे मध्ये दातेरी खाच आणि वर एक रिंग. सेंटरलॉक हबवर अडॅप्टर लावून सहा बोल्टची डिस्क बसवता येते. सहा बोल्टच्या हबवर सेंटरलॉक डिस्क घ्यायच्या भानगडीत पडू नका. सेंटरलॉकची रिंगही दोन प्रकारची, एक कॅसेटच्या (मागच्या गिअरच्या) पान्याने आतून फिरणारी आणि एक बाहेरून दाते असलेली. जाड ॲक्सलच्या पुढच्या हबला बाहेरून दातेवालीच लागते. रिंग ४० न्यूटन-मीटरला आवळायची असते, म्हणजे चांगलाच जोर.

जाडीकडे लोक बघत नाहीत. शिमानोची साधी डिस्क नवी असताना १.८ मिलिमीटर, स्रॅमची जाड डिस्क २.०, टीआरपीची २.३. कॅलिपरमधली फट त्याच्या त्याच्या जाडीसाठी केलेली असते. १.८ साठीच्या कॅलिपरमध्ये २.३ ची डिस्क घातली तर पॅड मागे सरकायला जागाच उरत नाही, चाक कायम घासत फिरतं आणि बॅटरी उगाच खाते. उलट केलं तर सुरुवातीला चालतं, पण पॅड झिजत आले की पिस्टन त्याच्या मर्यादेपलीकडे बाहेर येऊ लागतो.

जुनी डिस्क ठेवायची असेल तर मोजा. तिच्यावर कमीत कमी जाडी कोरलेली असते, शिमानोच्या १.८ वाल्यावर १.५. व्हर्नियर लावताना एक चूक सगळे करतात: जबडा डिस्कच्या कडेवरून घालून मोजतात. डिस्क पॅडखाली झिजते, बाहेरची कड तशीच राहते. मग जबडा त्या कडेवर टेकतो आणि आकडा १.७ दाखवतो, आत प्रत्यक्षात १.४ असतं. जबड्याची निमुळती टोकं कडेच्या आत, पॅडच्या वाटेवर टेकवा. तीन ठिकाणी मोजा, सर्वांत लहान आकडा धरा. नखाने कड चाचपून पायरी लागली तर मोजायच्या आधीच अंदाज येतो.

आणखी एक छापील गोष्ट. स्वस्त डिस्कवर 'फक्त रेझिन पॅड' असं इंग्रजीत कोरलेलं असतं. तिचं पोलाद मऊ असतं. तिच्यावर मेटल पॅड लावले तर काही आठवड्यांत डिस्क खरवडून निघते.

मोटरशी जोडलेल्या दोन गोष्टी

साध्या सायकलची माहिती वाचून ई-सायकलचे ब्रेक मागवणारे इथे फसतात.

पहिली गोष्ट, लिव्हरमधला स्विच. आपल्याकडच्या बहुतेक देशी ई-माउंटन सायकलींना मागच्या चाकात हब मोटर असते, आणि ब्रेकच्या लिव्हरमधून एक बारीक वायर कंट्रोलरकडे जाते. ब्रेक दाबला की मोटरची वीज तोडायचं काम ती करते. पेडल फिरतंय की नाही एवढंच ओळखणारा सेन्सर असेल तर पाय थांबल्यानंतरही मोटर क्षणभर ढकलत राहते. तो क्षण म्हणजे गल्लीच्या तोंडाशी आडवी आलेली म्हैस. साधी हायड्रॉलिक लिव्हर लावली की ही वायर लोंबकळत राहते. मग एकतर स्विचसह येणारी लिव्हर घ्यायची, टेक्ट्रोच्या ई-सायकलसाठीच्या मालिकेत त्या मिळतात, किंवा साध्या लिव्हरला बाहेरून चिकटवायचा चुंबकीय सेन्सर लावायचा.

मागवण्याआधी जुन्या लिव्हरचा कनेक्टर उघडा आणि पिना मोजा. दोन किंवा तीन. दोन पिनांचा बहुधा नुसता स्विच असतो, तीन पिनांच्या सेन्सरला वीज लागते. कनेक्टरच्या रंगाचा आणि आतल्या खाचेचा जवळून फोटो काढून ठेवा, दुकानदाराला तोच पाठवा. स्विचची जातही जुळायला हवी: काही स्विच लिव्हर दाबल्यावर जोडले जातात, काही तुटतात. उलट जातीचा लागला तर मोटर ब्रेक न दाबताच बंद राहील, आणि तुम्ही बॅटरी बिघडली म्हणून दुकानं पालथी घालाल. बसवल्यावर तपासणी सोपी आहे. मागचं चाक उचलून धरायला कोणाला तरी सांगा, पेडल फिरवून मोटर चालू करा, एकेक लिव्हर अर्धा सेंटिमीटर दाबा. पॅड डिस्कला टेकायच्या आधी मोटर थांबली पाहिजे. दोन्ही लिव्हरने.

टॉर्क सेन्सर (पेडलवरचा जोर ओळखणारा) असलेल्या, मध्ये मोटर बसवलेल्या सायकलींना बहुतेक वेळा हा स्विच नसतोच, कारण पाय सैल पडला की मोटरही सैल पडते.

दुसरी गोष्ट चुंबकाची. वेग मोजायला मागच्या चाकावर एक चुंबक लागतो. तो कधी आऱ्यावर असतो, कधी थेट डिस्कवर किंवा सेंटरलॉकच्या रिंगवर. डिस्कवर असेल आणि तुम्ही चुंबकाची सोय नसलेली डिस्क लावली, तर सिस्टिमला चाक फिरतंय हेच कळत नाही. बॉशच्या मोटरवर अशा वेळी ५०३ हा एरर येतो आणि मोटर मदत द्यायचं थांबते. म्हणून जुनी डिस्क काढताना चुंबक कुठे आहे ते बघा, आणि नव्या डिस्कवर त्याच जागी, सेन्सरपासून तेवढ्याच अंतरावर येतोय ना ते मोजा.

हब मोटरवाल्यांसाठी जागेचा प्रश्न वेगळाच. मोटरचं झाकण फुगीर असतं आणि डिस्क त्याच्या अगदी जवळ बसते. चार पिस्टनचा कॅलिपर अंगाने रुंद, त्याची आतली बाजू झाकणाला घासू शकते. मागवण्याआधी डिस्क आणि मोटरच्या झाकणातलं अंतर कॅलिपरच्या जागी मोजून ठेवा. थोडं कमी पडत असेल तर डिस्कमागे एक-दोन मिलिमीटरची स्पेसर रिंग घालून भागतं. झाकण ॲल्युमिनियमचं असतं, त्यातले आटे लवकर जातात, म्हणून बोल्ट हाताने सुरू करा, पाना नंतर लावा. आणि हे सगळं करताना बॅटरी काढून बाजूला ठेवलेली असू द्या.

कॅलिपर, लिव्हर आणि तेल

लिव्हर एका कंपनीची आणि कॅलिपर दुसऱ्या कंपनीचा, ही जोडी लावू नका. लिव्हरमधल्या पिस्टनने ढकललेलं तेल आणि कॅलिपरच्या पिस्टनला लागणारं तेल यांचं प्रमाण कंपनीने ठरवलेलं असतं. चुकलं तर लिव्हर एकतर दगडासारखी लागते किंवा हँडलपर्यंत येते. एकाच कंपनीतही आधी त्यांचा जुळणीचा तक्ता बघा. वायरवाल्या डिस्क ब्रेकला असंच काहीतरी वायर किती ओढली जाते याचं असतं: माउंटन सायकलची लिव्हर जास्त ओढते, रोड सायकलची कमी.

दोन पिस्टन की चार? सपाट रस्ता, सायकल आणि माणूस मिळून शंभर किलोच्या आसपास, तर शिमानोच्या एमटी२०० सारखा साधा दोन पिस्टनचा सेट आणि १८० ची डिस्क पुरते. घाट, मागे सामान, वजन जास्त, तर एमटी४२० किंवा एमटी५२० सारखे चार पिस्टनचे. पैसे अर्ध्यासाठीच असतील तर चार पिस्टनचा पुढे लावा.

तेलाबद्दल माझी कथा वर सांगितलीच. शिमानो, मॅगुरा, टेक्ट्रो, टीआरपी यांना मिनरल ऑइल. होप आणि हेझला डॉट, म्हणजे मोटारसायकलला लागतं त्या जातीचं ब्रेक ऑइल. स्रॅमच्या बहुतेक ब्रेकना डॉट ५.१, पण त्यांच्याच डीबी८ आणि मेव्हनला मिनरल. म्हणून नुसत्या कंपनीच्या नावावर जाऊ नका, लिव्हरचं झाकण वाचा. डॉटच्या ब्रेकमध्ये मिनरल गेलं तरी सील खराब होतं, मिनरलच्या ब्रेकमध्ये डॉट गेलं तरी. डॉट ५ नावाचं जे आहे ते सिलिकॉनचं. ते ५.१ च्या जवळचं वाटतं, पण त्याचा इथे काही संबंध नाही.

आपल्या गावांत डॉट ३ आणि डॉट ४ कोपऱ्यावरच्या टू-व्हीलर स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं, मिनरल ऑइल मिळत नाही. लातूर काय, नांदेड काय, बहुधा कुरिअरनेच मागवावं लागतं. ब्रेक घेतानाच सोबत एक लहान बाटली आणि हवा काढायचं किट मागवून ठेवा, म्हणजे ऐनवेळी कोणा मामांचा सल्ला ऐकायची वेळ येणार नाही. डॉट वापरत असाल तर ते हवेतलं पाणी ओढतं हे लक्षात ठेवा. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर ही हमी १५५ अंशांवर येते. पावसाळा संपला की बदलून टाका. ते रंगही खातं, फ्रेमवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

हायड्रॉलिक सेट तेल भरून, सील करून येतो. घेताना लांबी आणि बाजू बघा. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, मोटारसायकलसारखाच. बाहेरच्या बाजारासाठी भरलेल्या सेटमध्ये उजव्या लिव्हरला मागचा लांब होज, म्हणजे तेलाचा पाइप, जोडलेला असतो. तो घेतलात तर एकतर ब्रेक उलटे वापरायची सवय लावून घ्यायची, किंवा होज सोडून पुन्हा जोडून हवा काढायची. मी पहिला पर्याय कोणालाच सुचवणार नाही, ऐनवेळी हात जुन्या सवयीनेच दाबतो. होज कापायचा असेल तर टोकात घालायची आतली नळी आणि पितळी ऑलिव्ह, म्हणजे जोडावर दाबून बसणारी कडी, त्याच होजची हवीत. शिमानोमध्ये बीएच५९ आणि बीएच९० अशा दोन जाती आहेत, एकीचे तुकडे दुसरीला लागत नाहीत. होजवरच छापलेलं असतं.

पॅड

पॅडचा आकार कॅलिपरप्रमाणे ठरतो, डिस्कप्रमाणे नाही. शिमानोच्या दोन पिस्टनच्या पॅडमध्येही एकापेक्षा जास्त आकार आहेत, चार पिस्टनच्याचा आणखी वेगळा. जुना पॅड काढून त्याच्या पाठीवरचा कोड वाचा. पुसला गेला असेल तर कॅलिपरचा मॉडेल नंबर द्या.

रेझिन पॅड शांत आणि थंड असतानाही पकडणारे, पण पावसात काळ्या मातीच्या चिखलातून गेलात तर बघता बघता संपतात. आपली रेगडी पॅड आणि डिस्कच्या मध्ये पिठाच्या लगद्यासारखी भरते आणि त्यात मुरुमाचे कण असले की पॉलिश पेपरच होतो. मेटल पॅड जास्त टिकतात, लांब घाटात तापल्यावरही पकड सोडत नाहीत, पण ओले असताना किंचाळतात आणि 'फक्त रेझिन'वाल्या डिस्कला चालत नाहीत. मी जून ते ऑक्टोबर मेटल लावतो, नंतर रेझिन. ही माझी खोड आहे, वर्षभर एकच ठेवलं तरी काही बिघडत नाही.

बसवताना

डिस्क न घालता हायड्रॉलिक लिव्हर दाबू नका, पिस्टन बाहेर येतात. चाक काढून सायकल गाडीत टाकली की घरातली लहान मुलं लिव्हर दाबतातच, म्हणून पॅडच्या मध्ये सोबत आलेला प्लास्टिकचा तुकडा किंवा घडी घातलेला पुठ्ठा ठेवा.

कॅलिपरचे बोल्ट सैल ठेवून चाक फिरवा, लिव्हर घट्ट दाबून धरा आणि तशीच धरून बोल्ट आळीपाळीने आवळा. शिमानोच्या कॅलिपरला ६ ते ८ न्यूटन-मीटर. डिस्कच्या सहा बोल्टांचा आकडा कंपनीगणिक वेगळा, शिमानो २ ते ४ सांगतं आणि स्रॅम ६.२, म्हणून पाकिटावरचा कागद फेकू नका. बोल्ट गोल क्रमाने न आवळता समोरासमोर आवळा, चाकाचे नट आवळतात तसे.

नवे पॅड पहिल्या दिवशी नीट पकडत नाहीत, त्यांना डिस्कवर बसवावं लागतं. पहाटे रिकामा सरळ रस्ता गाठा. वीसच्या वेगाने जाऊन, ब्रेक हळूहळू वाढवत चालण्याच्या वेगावर या. पूर्ण थांबायचं नाही, चाक लॉक करायचं नाही. वीस-तीस वेळा. मग थोड्या जास्त वेगाने आणखी दहा वेळा. पुढचं आणि मागचं वेगवेगळं करा. मध्येच जळका वास येतो, येऊ द्या. डिस्कला बोट लावून बघायचा मोह मात्र आवरा.

पहिला घाट करून आल्यावर सगळे बोल्ट पुन्हा तपासा. त्यानंतर प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून कॅलिपरवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढून ठेवा. रेघ जुळत नसेल तर बोल्ट फिरलाय, पाना न काढताही दिसतं. माझ्या सायकलवरच्या रेघा गुलाबी आहेत, घरात त्या दिवशी तोच रंग होता.